बेंजामिन फ्रँकलिनची वंशावळ शोधताना: सुरुवात कुठून, कागद कोणते, चुका कुठे

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांना शाळेत कधी ना कधी एखाद्या 'फाउंडिंग फादर'वर, म्हणजे अमेरिका हे राष्ट्र उभं करणाऱ्या नेत्यावर, प्रकल्प मिळतो, आणि तो करायला बसतात आईवडील. शनिवारी रात्री इंटरनेटवरून एक तयार वंशवृक्ष उतरवला जातो. त्यात दहा-बारा पिढ्या मागे एखादा सरदार असतो आणि कोपऱ्यात घराण्याची ओळख म्हणून ढालीचं रंगीत चिन्ह. असे वृक्ष माझ्याकडे 'जरा बघून द्या' म्हणून येतात, आणि त्यातले बहुतेक तिसऱ्या पिढीच्या आतच मोडतात. कारण प्रत्येक वेळी तेच असतं: आधी झाड काढलं जातं आणि मग त्याला शोभेलसा कागद शोधला जातो.

खाली सगळा क्रम दिला आहे. उदाहरण बेंजामिन फ्रँकलिनचं घेतलं, कारण त्याचे कागद घरबसल्या फुकट वाचता येतात, त्याने स्वतःही आपल्या घराण्याचा शोध घेतला होता, आणि नवखा माणूस ज्या खड्ड्यांत पडतो ते जवळजवळ सगळे या एका घराण्यात सापडतात.

## आधीची तयारी

प्रश्न ठरवा. 'फ्रँकलिनची माहिती हवी' हा प्रश्न नव्हे. त्याचं आयुष्य, त्याचे पूर्वज आणि त्याचे वंशज या तीन वेगळ्या कामांचे कागद वेगळे, गावं वेगळी आणि चुकाही वेगळ्या. एका वेळी एकच काम हाती घ्या.

तक्ता आखा. वही घ्या किंवा एक्सेल, पण रकाने हेच ठेवा: दावा काय, कोणत्या कागदावर आहे, तो कोणी लिहिला, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला, मूळ आहे की नक्कल, तारीख कागदावर जशी आहे तशी, आणि शेवटी आपल्या हिशेबाने बदललेली तारीख. शेवटचे दोन रकाने लोक हटकून एकत्र करतात आणि टप्पा 2 मध्ये त्याची किंमत मोजतात.

साधनं. फाउंडर्स ऑनलाइन ही अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची साइट 2013 पासून सर्वांना खुली आहे. वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन, मॅडिसन, हॅमिल्टन यांच्यासोबत फ्रँकलिनची पत्रंही तिथे आहेत आणि खातं उघडावं लागत नाही. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या साइटला खातं लागतं, पण ते फुकट आहे. तिथल्या काही नोंदींचे फोटो मात्र घरून दिसत नाहीत, त्यांच्या केंद्रात जाऊनच पाहावे लागतात. बोस्टनकडच्या नोंदींसाठी न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटी ही 1845 सालची संस्था आहे. तिच्या साइटवर बऱ्याच गोष्टींसाठी वर्गणी भरावी लागते, त्यामुळे नेमकं काय शोधायचं हे ठरल्यावरच भरा.

सावधान: आडनाव शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका. जुन्या नोंदींत 'आय'च्या जागी 'वाय' येतो, 'के'च्या आधी 'सी' घुसतो, शेवटी जादा 'ई' लागतो. आजोळच्या फोल्जर या नावात मध्येच 'यू' येतो. चारही रूपं स्वतंत्रपणे टाकून पाहा.

## टप्पा 1: आयुष्य गावांनुसार मांडा

चरित्र वाचून घटनांची यादी करू नका. माणूस कोणत्या वर्षी कुठे होता, याची यादी करा. कागद गावात राहतात, माणसाच्या मागे फिरत नाहीत.

फ्रँकलिनची ढोबळ यादी अशी होते: 1706 ते 1723 बोस्टन (त्यात 1718 पासून भाऊ जेम्सच्या छापखान्यात उमेदवारी), 1723 मध्ये पळून फिलाडेल्फिया, 1724 ते 1726 लंडन, मग पुन्हा फिलाडेल्फिया, 1757 ते 1762 लंडन, 1764 ते 1775 परत लंडन, 1776 च्या अखेरीपासून 1785 पर्यंत फ्रान्स, आणि शेवटी फिलाडेल्फिया, जिथे 17 एप्रिल 1790 ला तो वारला. प्रत्येक ओळीसमोर त्या गावचे कागद लिहा: चर्चची नोंदवही, शहराची जन्मनोंद, जमिनीचे व्यवहार, मृत्युपत्र, वर्तमानपत्र.

इथली नेहमीची चूक म्हणजे त्याच्या आत्मचरित्रावर सगळा भार टाकणं. ते तुकड्यातुकड्यांनी लिहिलेलं आहे. पहिला भाग 1771 मध्ये इंग्लंडमधल्या ट्वायफर्ड गावी, पुढचा 1784 मध्ये फ्रान्समध्ये आणि उरलेला 1788 पासून पुढे लिहिला. आणि ते 1757 च्या आसपासच थांबतं. म्हणजे स्वातंत्र्याचा जाहीरनामा, फ्रान्सशी तह, संविधान यातलं काहीच त्यात नाही. तरी 'संदर्भ: आत्मचरित्र' असं 1776 च्या घटनेखाली लिहिलेलं मी पाहिलं आहे!

आवृत्तीही बघून घ्या. नातू टेम्पलने 1818 मध्ये छापलेल्या मजकुरात शब्द बदललेले आहेत. मूळ हस्तलिखितावरून छापलेली आवृत्ती 1868 मध्ये आली. ते हस्तलिखित आज कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहे.

तपासा: फाउंडर्स ऑनलाइनवर एखाद्या पत्राची तारीख चौकोनी कंसात असेल, तर ती संपादकांनी अंदाजाने दिलेली आहे. तक्त्यात कंसासकट उतरवा.

## टप्पा 2: तारखा सोडवा, मगच पुढे जा

हा टप्पा ओलांडून पुढे गेलेल्या माणसाला मी परत इथेच आणून बसवतो.

मराठी माणसाला हे खरं तर सोपं जायला हवं. शके वर्षात 78 मिळवले की इसवी सन येतो, हे आपल्याला शाळेत सांगतात. आता शिवजन्माची तिथी घ्या: फाल्गुन वद्य 3, शके 1551. त्यात 78 मिळवले तर 1629 येतात आणि उत्तर चुकतं, कारण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. फाल्गुनापर्यंत इसवी सनातला जानेवारी उलटून गेलेला असतो, म्हणून 79 मिळवायचे. तेव्हा येते 19 फेब्रुवारी 1630.

इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत 1752 पर्यंत नेमकं हेच होतं. कायद्याने वर्ष 1 जानेवारीला नव्हे, 25 मार्चला बदलायचं. म्हणून डिसेंबर 1705 नंतर जानेवारी 1705 यायचा. फ्रँकलिनचा जन्म त्या हिशेबाने 6 जानेवारी 1705 चा आहे. आपल्या हिशेबाने तो जानेवारी 1706.

याशिवाय दुसरी एक गोष्ट आहे, आणि लोक ती पहिलीत मिसळतात. जुनी ज्युलियन दिनदर्शिका मागे पडत चालली होती. 1700 च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत हा फरक 10 दिवसांचा होता, त्यानंतर 11 दिवसांचा. 1752 मध्ये तो भरून काढताना 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर उजाडला. म्हणून 6 जानेवारीत 11 मिळवून 17 जानेवारी 1706 ही आज सगळीकडे दिसणारी तारीख येते.

म्हणजे दुरुस्त्या दोन आहेत. वर्षाची दुरुस्ती फक्त 1 जानेवारी ते 24 मार्च या तारखांना लागते. दिवसांची दुरुस्ती सगळ्याच तारखांना लागू शकते, पण संशोधक ती सहसा करत नाहीत. तुम्हीही पूर्वजांच्या बाबतीत करू नका. 6 जानेवारी 1705/06 असं दुहेरी वर्ष लिहा आणि दिवस आहे तसाच ठेवा. फ्रँकलिनच्या वडिलांची जन्मतारीख 23 डिसेंबर 1657 आहे. तिच्यात उगाच 10 दिवस मिळवले तर ती 2 जानेवारी 1658 होते, आणि मग एकाच माणसाचे दोन जन्मसाल घेऊन वृक्षात दोन जोसाया उभे राहतात.

सावधान: काही नोंदींत महिन्यांची नावं नसतात, आकडे असतात. 1752 पूर्वीच्या कागदात 'पहिला महिना' म्हणजे मार्च, 'अकरावा' म्हणजे जानेवारी. अकराव्याला नोव्हेंबर समजून लिहिलेले जन्म भरपूर फिरतात.

## टप्पा 3: बोस्टनमधलं घर पूर्ण भरा

थेट वर चढू नका. आधी आडवे पसरा. भावंडांच्या नोंदी जमवल्याशिवाय आईबापांची खात्री होत नाही.

वडील जोसाया फ्रँकलिन यांना दोन बायकांपासून 17 मुलं झाली. पहिली ॲन चाइल्ड हिची सात, दुसरी अबाया फोल्जर हिची दहा. बेंजामिन एकूण क्रमाने पंधरावा आणि मुलग्यांत शेवटचा. त्याच्या मागे लिडिया आणि जेन या दोन बहिणी. पुष्कळ वृक्षांत तो 'सर्वांत धाकटा' दाखवलेला असतो. तो धाकटा मुलगा होता, धाकटं अपत्य नव्हे.

ही 17 नावं तक्त्यात भरताना दोन जागी अडखळायला होतं. पहिली जागा मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देण्याची. ॲनला 1688 आणि 1689 मध्ये एकामागून एक दोन मुलगे झाले, दोघांचंही नाव जोसेफ, दोघंही तान्हेपणीच गेले. सॉफ्टवेअर अशा दोघांना 'एकच व्यक्ती दिसते, जोडू का?' असं विचारतं. नाही म्हणा. ॲनही 1689 मध्येच गेली आणि त्याच नोव्हेंबरात जोसायाने अबायाशी लग्न केलं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात ती लागणार आहे.

दुसरी जागा पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्या नावांची. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला जातं तसं इथे बेंजामिन, थॉमस, जोसाया, सारा ही नावं फिरतात. बेंजामिन नावाचा काकाही होता. तो 1650 चा, कविता करणारा आणि पुढे बोस्टनलाच येऊन राहिलेला. त्याच्या वहीतल्या ओळी पुतण्याच्या नावावर खपतात. सारा ही बहीणही आहे आणि मुलगीही. म्हणून तक्त्यात नाव एकटं लिहू नका, जन्मसाल जोडा: सारा 1699, सारा 1743.

धाकट्या जेनने हाताने शिवलेल्या छोट्या वहीत आपल्या घरातले जन्म-मृत्यू लिहून ठेवले होते. 'बुक ऑफ एजेस' असं तिने तिला नाव दिलं. घटना घडली त्याच सुमारास, घरातल्याच माणसाने लिहिलेली नोंद कशी असते ते बघायचं असेल तर हीच बघा. भावाच्या पत्रांच्या ढिगाऱ्यात लोकांना ती दिसतच नाही.

तपासा: बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे. बेंजामिनचा जन्म आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला, म्हणून त्याच्या बाबतीत चालून जातं. इतरांच्या बाबतीत दोन रकाने ठेवा. आणि बाप्तिस्मा बोस्टनच्या ओल्ड साउथ चर्चच्या आजच्या इमारतीत झाला असं लिहू नका. ती इमारत 1729 ची. बाळ आणलं होतं ते त्याच जागेवरच्या आधीच्या लाकडी चर्चमध्ये.

## टप्पा 4: दगडावर विश्वास ठेवण्याआधी वजाबाकी करा

बोस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीत मधोमध एक उंच दगडी स्तंभ आहे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'फ्रँकलिन'. पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतात आणि घरी येऊन लिहितात, 'बेंजामिन फ्रँकलिनची समाधी.' ती त्याच्या आईवडिलांची आहे. तो स्वतः फिलाडेल्फियात, क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत आहे.

आईवडिलांसाठी संगमरवरी दगड त्याने स्वतः बसवला होता आणि त्यावरचा मजकूरही स्वतःच लिहिला. तो झिजला, म्हणून 1827 मध्ये बोस्टनच्या नागरिकांनी आजचा स्तंभ उभा केला आणि त्यावर तोच मजकूर उतरवला. म्हणजे आज आपण वाचतो ती नक्कल आहे. मजकुरातले आकडे असे: वडील, जन्म 1655, मृत्यू 1744, वय 89. आई, जन्म 1667, मृत्यू 1752, वय 85. संसार 55 वर्षांचा.

आता कागद घेऊन बसा आणि एकेक आकडा उलटा तपासा.

1. संसार 55 वर्षं. लग्न नोव्हेंबर 1689. जोसायाचा मृत्यू 16 जानेवारी 1744/45. वजाबाकी 55. बरोबर.

2. मृत्यू 1744. पुस्तकांत 1745 असतं, म्हणून लोक दगडाला खोटं ठरवतात. टप्पा 2 आठवा. जानेवारी आहे, जुना हिशेब आहे. दगड बरोबर आणि पुस्तकही बरोबर.

3. आईचं वय 85. जन्म 15 ऑगस्ट 1667, मृत्यू मे 1752. पूर्ण वर्षं 84 होतात. इथेही दगड खोटा नाही. आपल्याकडे 'चौऱ्याऐंशी पूर्ण, पंच्याऐंशीवं चालू' म्हणतात, तसं चालू वर्ष धरलं आहे.

4. वडिलांचा जन्म 1655. डिसेंबर 1657 मधला जन्म धरला तर जानेवारी 1745 मध्ये 87 पूर्ण, 88 चालू. 89 कोणत्याच हिशेबाने येत नाही. वर्ष सरळ सरळ चुकलं आहे.

ही चूक कुणा परक्याची नाही. 1758 मध्ये बापाच्या गावी जाऊन चर्चच्या नोंदवह्या चाळलेल्या, घराण्याविषयी मनापासून कुतूहल असलेल्या मुलाची आहे. आणि 1771 मध्ये आत्मचरित्रात तो मजकूर देताना तेच वर्ष तसंच उतरलं. आजही निम्मे वृक्ष 1655 दाखवतात आणि पुरावा म्हणून दगडाचा फोटो जोडतात.

म्हणून दगडाची तक्त्यातली जागा ठरलेली: मृत्यूसाठी जवळचा पुरावा, जन्मासाठी लांबचा. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची घटना, ती न पाहिलेल्या माणसाने कोरलेली.

## टप्पा 5: समुद्र ओलांडणं

सगळ्यात जास्त झाडं इथे पडतात. बोस्टनमधला जोसाया फ्रँकलिन आणि इंग्लंडमधल्या एखाद्या गावचा जोसाया फ्रँकलिन एकच, हे केवळ नावावरून ठरत नाही. दोन्ही किनाऱ्यांना बांधणारा कागद लागतो.

5.1 निघण्याचं वर्ष अरुंद करा. आत्मचरित्रात आहे: वडील 1682 च्या सुमारास बायको आणि तीन मुलांसह आले. तीन मुलं म्हणजे एलिझाबेथ, सॅम्युएल आणि हॅना. हॅनाचा जन्म 25 मे 1683 चा, इंग्लंडमधल्या बॅनबरीचा. म्हणजे तिला घेऊन 1682 मध्ये येणं शक्य नाही. पुढचं मूल, जोसाया धाकटा, ऑगस्ट 1685 मध्ये बोस्टनला जन्मलं. या दोन जन्मांच्या मध्येच प्रवास झाला असणार. संशोधक 1683 धरतात. जहाजाची यादी हाती नसली तरी मुलांच्या जन्मगावांवरून प्रवासाचं वर्ष असं कोंडीत पकडता येतं. ही युक्ती कोणत्याही स्थलांतरित घराण्याला चालते.

5.2 शेवटच्या गावापासून मागे जा. बहुतेकजण थेट एक्टनला, म्हणजे घराण्याच्या मूळ गावी, पोचतात, कारण पुस्तकात ते नाव मोठं आहे. पण जोसाया निघाला बॅनबरीहून. ते ऑक्सफर्डशरमध्ये आहे, एक्टन नॉर्थम्प्टनशरमध्ये. परगणा वेगळा, म्हणजे दफ्तरखानाही वेगळा. मोठा भाऊ जॉन बॅनबरीला रंगारी होता, त्याच्या हाताखाली जोसाया काम शिकला. आजोबा थॉमस म्हातारपणी याच मुलाकडे येऊन राहिले आणि बॅनबरीलाच पुरले गेले. त्यांचं दफन एक्टनच्या वहीत शोधणारे 'नोंद गहाळ' असा शेरा मारून मोकळे होतात.

5.3 मग एक्टन. इंग्लंडमध्ये चर्चनी जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या ठेवाव्यात असा हुकूम 1538 चा. पण प्रत्येक गावात वही तेव्हाच सुरू झाली किंवा टिकली असं नाही. एक्टनला आपल्याला 1555 पासूनच्याच नोंदी मिळाल्या, असं फ्रँकलिन लिहितो. त्यातून तो ज्या साखळीपर्यंत पोचला ती अशी: बेंजामिन, त्याचा बाप जोसाया, आजा थॉमस (जन्म 1598), पणजा हेन्री, खापरपणजा थॉमस. पाच पिढ्या धाकट्याचा धाकटा, असं तो मिश्किलपणे नोंदवतो.

याच्या वर काय? काकांच्या टिपणांत होतं की घराणं गावात तीनशे वर्षं आहे, तीसेक एकर स्वतःची जमीन आणि जोडीला लोहारकी. यातली 1555 नंतरची वर्षं वहीतली आहेत, त्याआधीची सांगोवांगी. आपल्या कुलवृत्तांतांत मूळ पुरुषाच्या वर 'अमुक गावाहून आले असे म्हणतात' एवढीच ओळ असते ना, तसंच. वृक्षात इथे रेघ थांबवा आणि ती ओळ वेगळ्या रंगात खाली लिहा.

5.4 मधली भोकं. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1640 च्या दशकात, पुष्कळ चर्चच्या नोंदी विस्कळीत झाल्या. 1653 च्या कायद्याने काही वर्षं बाप्तिस्म्याऐवजी जन्माची नोंद ठेवायला सांगितलं होतं. जोसायाचा 1657 चा जन्म याच काळात बसतो. इतर काळातल्या भोकांसाठी 'बिशपची प्रत' मागा, या काळात मात्र बिशपपदच रद्द झालेलं असल्याने ती सहसा मिळत नाही. प्रत्येक चर्चने वर्षाच्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धत होती, मूळ वही फाटली तरी ती कधी कधी सापडते. या वह्यांसाठी आधी परगण्याच्या दफ्तरखान्याला लिहा, गावच्या चर्चला नंतर.

सावधान, थडग्यांबद्दल: 6 सप्टेंबर 1758 च्या पत्रात फ्रँकलिन बायकोला कळवतो की एक्टनला पाद्रीबाईंनी थडगी दाखवली. ती शेवाळाने इतकी माखली होती की बाईंनी ब्रश आणि पाण्याचं घमेलं मागवलं, पीटरने ती घासली आणि बिलीने मजकूर उतरवून घेतला. बिली म्हणजे मुलगा विल्यम. पीटर हा फ्रँकलिनचा गुलाम, आणि या घराण्याच्या बहुतेक वृक्षांत, तळटिपांतसुद्धा, त्याचं नाव नसतं. तक्त्यात लिहा. पण घासण्याची नक्कल करू नका. आज ब्रश, खडू किंवा शेव्हिंग फोम लावून अक्षरं वाचणं म्हणजे दगडाची वाट लावणं. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढा. ऊन नसेल तर बाजूने टॉर्च धरा.

## टप्पा 6: आजोळ

हा भाग लोक दोन ओळींत उरकतात, आणि मुलांच्या प्रकल्पात आईकडची बाजू हमखास रिकामी राहते. अबायाचे वडील पीटर फोल्जर इंग्लंडमधल्या नॉरिचहून आले आणि नँटकेट बेटावर स्थायिक झाले. तिची आई मेरी मॉरेल करारावर बांधलेली मोलकरीण होती. तिचा करार 20 पौंडांना सोडवून पीटरने तिच्याशी लग्न केलं, अशी गोष्ट घराण्यात सांगत आले आहेत. गोष्ट म्हणूनच लिहा.

नँटकेटच्या घराण्यांची बार्नी यांची नोंदवही ऑनलाइन आहे आणि अतिशय उपयोगी आहे. पण ती एकोणिसाव्या शतकात जुळवलेली. तिच्यातलं नाव घ्यायचं आणि मूळ नोंद शोधायला जायचं, एवढंच तिचं काम.

## टप्पा 7: 'आम्ही फ्रँकलिनचे वंशज'

हा दावा अमेरिकेतल्या शेजाऱ्याकडून तुम्ही ऐकाल. तपासणी सोपी आहे, कारण शाखा थोड्या आहेत.

फ्रँकलिनने 1 सप्टेंबर 1730 ला डेबोरा रीडला बायको म्हणून घरात घेतलं. तिचा पहिला नवरा परागंदा झालेला, मेल्याची खात्री नाही, म्हणून चर्चमध्ये लग्न लागलं नाही. तेव्हा लग्नाची नोंद शोधत बसू नका. त्यांचा मुलगा फ्रान्सिस 1732 चा, तो चार वर्षांचा असताना देवीने गेला. मुलगी सारा, म्हणजे सॅली, 1743 ची. तिने 1767 मध्ये रिचर्ड बेचशी लग्न केलं आणि औरस वंश चालला तो तिच्याकडून. तिसरा विल्यम, अनौरस, आई अज्ञात. तो न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला आणि युद्धात राजाच्या बाजूने राहिला. त्याचा मुलगा टेम्पल, तोही अनौरस.

म्हणजे फ्रँकलिन हे आडनाव बापाकडून मुलाकडे असं औरस मार्गाने खाली आलेलंच नाही. 'आमचं आडनाव फ्रँकलिन, म्हणून आम्ही त्याचे' हे वाक्य तिथेच संपतं. ते भावाचे किंवा काकांचे वंशज असू शकतात, किंवा मुळीच कुणी नसतील. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये स्वतःची जमीन असलेल्या एका वर्गालाच फ्रँकलिन म्हणत. आपल्याकडचे सगळे पाटील एका घरचे नसतात, तसंच.

इथला सर्वांत भक्कम कागद म्हणजे 17 जुलै 1788 चं मृत्युपत्र आणि 1789 ची पुरवणी. कोणाला काय दिलं यावरून नाती उलगडतात. विल्यमला नोव्हा स्कोशियातली जमीन देऊन, युद्धात तो माझ्याविरुद्ध वागला म्हणून जास्त काही नाही, असं फ्रँकलिनने स्पष्ट लिहिलं आहे.

तपासा: मृत्युपत्रात नाव नाही म्हणजे नातं नाही, असा अर्थ काढू नका. आधीच वारलेली किंवा वाटा उचललेली मुलंही वगळली जातात.

## टप्पा 8: ढाल आणि डीएनए

ढालीचं चिन्ह आडनावाला मिळत नाही, व्यक्तीला आणि तिच्या वंशाला मिळतं. 26 मे 1739 च्या पत्रात खुद्द जोसाया मुलाला कळवतो की काकाने एका जाणकाराकडे चौकशी केली, तेव्हा फ्रँकलिन नावाची दोन वेगवेगळी चिन्हं निघाली, एक उत्तरेकडच्यांचं आणि एक पश्चिमेकडच्यांचं. आपली परिस्थिती बघता मनाला जरा गुदगुल्या होण्यापलीकडे या गोष्टींचा उपयोग नाही, असं त्याचं म्हणणं. साबण-मेणबत्त्या करणाऱ्या माणसाने इतकं स्वच्छ सांगून ठेवल्यावर प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर ढाल कशाला?

डीएनए चाचणीचं थोडक्यात. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय-डीएनए सॅलीच्या वंशजांकडे नाही. तो शोधायचा तर भावांच्या किंवा काकांच्या पुरुष शाखेत. आईकडून येणारा डीएनए बेंजामिनकडे अबायाचा आला आणि त्याच्यापाशीच थांबला. तो सख्ख्या बहिणींच्या मुलींच्या मुलींकडे पाहायचा. इतक्या पिढ्यांनंतर साध्या चाचणीतलं 'जुळतं' हे कागदाची जागा घेत नाही.

## देण्याआधी

झाडातल्या प्रत्येक उभ्या रेघेवर बोट ठेवा आणि तक्त्यातला त्या रेघेचा कागद वाचून दाखवा. माणसाचा नव्हे, रेघेचा: हा याचाच मुलगा, हे कुठे लिहिलं आहे? कागद नसेल ती रेघ तुटक करा. जोसायाच्या जन्मासमोर 1657 लिहा आणि बाजूला 'स्तंभावर 1655' अशी टीप द्या, नाहीतर शिक्षिका स्तंभाचा फोटो काढून तुमचंच चूक म्हणून लाल खूण करेल. विल्यमच्या वरची आईची चौकट काढून टाकू नका आणि सोय म्हणून तिच्यात डेबोराचं नावही भरू नका. 'अज्ञात' एवढंच लिहा.